केसभर इकडे, केसभर तिकडे

आमच्या कॉलेजच्या मायक्रोकंट्रोलर लॅबला सर तीन होते, मामा एकच. सरांना ८०५१ आतून माहीत होता. त्याचे टायमर, त्याचे इंटरप्ट, त्याची १२८ बाइटची तुटपुंजी रॅम. मामांना तो बाहेरून माहीत होता, म्हणजे त्याचे चाळीस पाय. एकविसावा पाय काय काम करतो हे मामांना सांगता आलं नसतं, पण त्या पायाला कुणी धक्का लावलाय का, हे ते लॅबच्या दारातून सांगत.

मस्टरवर त्यांचं रीतसर नाव-आडनाव असणारच. पण महाराष्ट्रातल्या कॉलेजांत शिपायापासून लॅब असिस्टंटपर्यंत सगळे मामाच असतात, आणि हे मामा दर वाक्याला एकदा तरी 'हळू' म्हणत, म्हणून हळूमामा. लॅबमध्ये शिरताना 'हळू', स्टूल ओढताना 'हळू', जर्नल टेबलावर ठेवताना 'हळू'. एकदा कुणीतरी शिंकला, तेव्हाही ते सवयीने म्हणाले होते.

आता ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इंटेलने ८०५१ बाजारात आणला १९८० साली. आमच्या हाती तो अ‍ॅटमेलच्या ८९सी५१ या अवतारात आला. काळी, लांबट, दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय असलेली आयसी. ती बोर्डावर थेट सोल्डर केलेली नसे. बोर्डावर बेस असे आणि बेसमध्ये आयसी खोचलेली. प्रोग्रॅम लिहिला की आयसी बेसमधून काढायची, कोपऱ्यातल्या प्रोग्रॅमरमध्ये बसवायची, बर्न करायची, परत आणून बोर्डावर खोचायची आणि एलईडी लुकलुकतो का ते बघायचं. एलईडी लुकलुकत नसे. मग कोडमधलं एक शून्य वाढवायचं आणि आयसी पुन्हा काढायची. असं दिवसभर. डेटाशीटमध्ये लिहिलेलं असे की ही आयसी १००० वेळा पुसून लिहिता येते. मामा म्हणत, "आतलं हजार वेळा टिकेल हो. पाय तुमच्या हातात आठवडाभर टिकत नाहीत, त्याचं काय?"

खोचायला सगळे शिकवत. पुस्तकात चित्र असे, सर फळ्यावर आयसीची खाच कुठल्या बाजूला ते काढून दाखवत. काढायची कशी, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तो सबंध विषय मामांकडे होता. परीक्षेला नव्हता एवढंच.

मामांची पद्धत अशी. आधी बोर्डाचा स्विच बंद. "स्विच बंद म्हणजे बंद नव्हे. पिन बाहेर." मग अ‍ॅडाप्टरची पिन बाहेर. कॉम्प्युटरकडे जाणारी केबलही बाहेर, कारण बोर्ड तिच्यातूनही चोरून वीज खातो असा त्यांचा संशय होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. मग थांबायचं. बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरलेली असते, त्यामुळे लाल एलईडी एकदम विझत नाही, मंद होत होत विझतो. तो पूर्ण विझेपर्यंत मामा हात मागे बांधून उभे. घाई असलेल्या मुलाला या वेळेत घाम फुटत असे.

मग हात. लॅबच्या भिंतीला एक जुनं लोखंडी कपाट होतं. आयसीला हात लावण्यापूर्वी मामा त्या कपाटाला उजव्या हाताची दोन बोटं लावत. फर्स्ट इयरच्या मुलांना वाटे, आत देव असणार. परीक्षेच्या दिवशी काही मुलं तोंडी परीक्षेला जाण्याआधी त्या कपाटाला हात लावून जात, एक-दोघं तर तोच हात छातीलाही लावत. मामांनी कधी कुणाला अडवलं नाही.

खरी भानगड होती अंगावरच्या स्थिर विजेची. पुण्यात डिसेंबरची हवा कोरडी असते, मुलं नायलॉनचे स्वेटर घालून येतात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून घसरत उठतात आणि अंगावर काही हजार व्होल्ट घेऊन हिंडतात. माणसाला ठिणगी जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, आयसीचा आतला नाजूक भाग बिघडायला त्याहून पुष्कळ कमी पुरतात. "तुला कळलं नाही म्हणजे तिला लागलं नाही, असं नसतं राजा," हे मामांचं एक ठरलेलं वाक्य. पावसाळ्यात हवा दमट असली की ते जरा सैल सोडत. डिसेंबर-जानेवारीत मात्र स्वेटर बाहेर काढून ठेवल्याशिवाय लॅबमध्ये प्रवेश नाही. मुलं कुडकुडत इंटरप्ट शिकत.

एका नव्या सरांनी एकदा मामांना शास्त्र शिकवायचा प्रयत्न केला. "अहो मामा, कपाटाला रंग आहे. रंगातून वीज जात नाही. तुमचं हे हात लावणं म्हणजे नुसतं समाधान." मामांनी सरांना कपाटाच्या कडेला नेलं. तिथे रुपयाएवढा रंग खरवडून लखलखीत लोखंड उघडं केलेलं होतं. कपाटाच्या मागून एक हिरवी वायर निघून भिंतीतल्या अर्थिंगपर्यंत गेली होती आणि वायरच्या मधोमध एक मेगओहमचा रेझिस्टर सोल्डर केलेला होता. सरांनी विचारलं, "हा रेझिस्टर कशाला? थेट जोडायची की." मामा म्हणाले, "थेट जोडली आणि माझा दुसरा हात चुकून चालू वायरला लागला तर? आयसी वाचली पाहिजे, पण मीपण शिल्लक राहायला पाहिजे ना." बाजारात मिळणाऱ्या मनगटाच्या पट्ट्यांमध्येही नेमका याच कारणासाठी तेवढाच रेझिस्टर असतो. सर पुढच्या लेक्चरला ते स्वतःचं म्हणून सांगून मोकळे झाले.

हत्यारांच्या बाबतीत मामांचे आवडते-नावडते पक्के होते. घराघरांत असतो तो टेस्टर त्यांना डोळ्यांसमोर नको असे. आपल्याकडे टेस्टरने माणूस वीज तपासतो, स्क्रू पिळतो, रंगाचा डबा उघडतो, दाराची कडी अडकली तर ती उचकटतो, आणि इंजिनिअरिंगचा मुलगा त्यानेच आयसी काढतो. टेस्टरचं टोक जाड. ते आयसी आणि बेस यांच्यामधल्या फटीत जात नाही. मग मुलगा ते सोयीच्या फटीत घालतो, म्हणजे बेस आणि बोर्ड यांच्या मधे. जोर लावला की आयसी बेससकट वर येते आणि बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक सोलून निघतात. असला बोर्ड समोर आला की मामा रागावत नसत. ते नुसते खाली बसत. रागावले असते तर बरं झालं असतं.

लॅबमध्ये आयसी काढायचा एक खास स्टीलचा चिमटाही होता, दोन्ही टोकांना आत वळलेले दात असलेला. मामांनी तो काचेच्या कपाटात पाहुण्यांना दाखवायला ठेवला होता. त्यांचं म्हणणं, हत्यार वाईट नाही, पण ते हातात आलं की माणसाला ओढावंसं वाटतं. आठ-चौदा पायांच्या आयसीला ठीक आहे. चाळीस पायांची ओढली की एक टोक आधी सुटतं, दुसरं अडकून राहतं, आयसी तिरकी उभी राहते आणि अडकलेल्या टोकाचे चार-सहा पाय वाकतात. नुसत्या बोटांनी काढणाऱ्यांचं तर विचारूच नका. ती अचानक सुटते, फिरते आणि अंगठ्यात घुसते. सबमिशनच्या आठवड्यात मामा मुलांचे हात बघत. अंगठ्यावर एका रेषेत बारीक भोकं दिसली की म्हणत, "या, इंजिनिअरसाहेब. कितवा पाय मोडला?"

त्यांचं स्वतःचं हत्यार म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या मागची रिकाम्या खाचेवर लावलेली लोखंडी पट्टी. तिचं एक टोक काटकोनात वळलेलं असतं, ते धरायला. दुसरं त्यांनी दगडावर घासून पातळ केलं होतं. ही पट्टी ते शर्टाच्या खिशात पेनशेजारी ठेवत. आयसीवर वाकायचे, चष्मा कपाळावर सारायचे (जवळचं त्यांना चष्म्याशिवायच दिसे), डाव्या तळहाताची कड आयसीवर टेकवायचे, दाबायचे नाहीत, आणि पट्टीचं टोक खाचेच्या बाजूने आत सरकवायचे. तेही थोडंच. काही बेसच्या पोटात रेझिस्टर लावलेले असतात, पट्टी फार आत गेली तर ते ओरबाडते. मग सुरू व्हायचं त्यांचं म्हणणं, खालच्या पट्टीत, कुणाशी न बोलता.

"केसभर इकडे. केसभर तिकडे. परत इकडे. केसभर. घाई नाही. तिलाही निघायचंय, आपल्यालाही काढायचंय. केसभर तिकडे."

दोन्ही टोकं आळीपाळीने, सारखी उचलत न्यायची, एवढीच सगळी विद्या. आयसी शेवटी इतकी सुटी व्हायची की मामा तिला दोन्ही टोकांनी धरून सरळ वर उचलत आणि काळ्या फोमच्या तुकड्यात खोचत. चाळीसच्या चाळीस पाय ताठ. या सगळ्याला लागणाऱ्या वेळात शेजारच्या बॅचचा चहा पिऊन व्हायचा.

परत बसवण्याचीही त्यांची शिस्त होती. पहिल्या पायाशेजारी व्हाइटनरचा ठिपका, आयसीवर एक, बोर्डावर एक. ठिपक्यासमोर ठिपका आला की झालं. ८०५१ मध्ये विसाव्या पायाला जमीन आणि चाळिसाव्याला पाच व्होल्ट. आयसी उलटी बसवली की नेमके हेच दोन एकमेकांच्या जागी येतात आणि ती इस्त्रीसारखी तापते. मामांनी हे स्वतःच्या बोटावर शिकलेलं असावं, कारण चालू बोर्डावरच्या आयसीला ते आधी लांबून उलटा हात दाखवत. पुढे अर्डुइनो नावाचा बोर्ड आला तेव्हा त्यांनी त्याच्या अठ्ठावीस पायांच्या आयसीचा पायांचा नकाशा एकदा नीट पाहिला आणि म्हणाले, "ही शहाणी आहे. आठ आणि बावीस दोन्ही जमीन. उलटी बसवली तरी जमिनीवर जमीनच येते. जगायची आशा असते." सरांनी नंतर कागदावर मोजून पाहिलं. खरं होतं.

पायांच्या नंबरांवरच त्यांनी अर्ध्या कॉलेजचे प्रोजेक्ट तारले. कोड बरोबर, वायरिंग बरोबर, क्रिस्टल ११.०५९२ चाच, आणि तरीही आयसी ढिम्म. मुलं रडकुंडीला आलेली. मामा झाडू मारत मारत जवळून जाताना म्हणत, "एकतीस नंबरला पाच व्होल्ट आहेत का बघ." तो पाय पाच व्होल्टला जोडला नाही तर ८०५१ स्वतःच्या पोटातला प्रोग्रॅम सोडून बाहेर प्रोग्रॅम शोधत बसतो, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं आणि विसरलो होतो. मामांनी वाचलं नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की मुलं एकतीस नंबर विसरतात.

मोडलेल्या पायांचा दवाखानाही तेच चालवत. वाकलेला पाय सरळ करायला ते ०.७ ची लीड पेन्सिल वापरत, लीड काढलेली. तिचं पोकळ टोक पायावर सरकवायचं आणि हळूच उभं करायचं. एकदा वाकलेला पाय सरळ होतो, तोच पुन्हा वाकला की सहसा तुटतो. मग मामा बारीक कानशीने आयसीचं काळं प्लॅस्टिक कडेने घासत, आतल्या धातूचा चकाकता ठिपका दिसेपर्यंत, आणि त्या ठिपक्यावर रेझिस्टरच्या पायाचा कापलेला तुकडा सोल्डर करत. मुलं अशा आयसीला 'जयपूर फूट' म्हणत. जयपूर फूटच्या दोन आयसी आमच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं चालत होत्या आणि नव्या आयसींपेक्षा त्या जास्त भरवशाच्या मानल्या जात, कारण त्यांना हात लावायची परवानगी फक्त मामांना होती.

फारच धसमुसळ्या मुलांसाठी त्यांनी एक तोडगा काढला होता. आयसी एका जादा बेसमध्ये कायमची बसवायची आणि तो बेस बोर्डावरच्या बेसमध्ये खोचायचा. पुढचं सगळं काढणं-घालणं त्या मधल्या बेसचं. मोडले तर त्याचे पाय मोडतील. तोडगा उत्तम होता. फक्त आयसीची उंची वाढायची आणि प्रोजेक्टच्या डब्याचं झाकण लागायचं नाही. मग मुलं झाकणाला चौकोनी भोक पाडत आणि रिपोर्टमध्ये लिहीत, 'उष्णता बाहेर जाण्यासाठी व्यवस्था'.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या आयसीचं? बरोबर आहे. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत एक आयसी जेवढ्याला मिळे तेवढ्यात दोघांची मिसळ आणि ताक झालं असतं. आम्हीही हेच म्हणायचो. मामा म्हणायचे, "पैशाचं नाही रे." कशाचं, ते डेडस्टॉक रजिस्टर पाहिल्यावर कळे. मामा लागले तेव्हा लॅबमध्ये ८०८५ चे किट होते. त्या किटचा जीव एका इप्रॉममध्ये असे, डोक्यावर काचेची गोल खिडकी असलेल्या आयसीमध्ये. ती आयसी गेली की किट म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. नवी मागवायची तर आधी टिपण, मग विभागप्रमुखांची सही, मग तीन दुकानांची तीन कोटेशनं, मग तुलनातक्ता, मग खरेदी समिती, आणि समितीतले एक सर रजेवर. तोवर सेमिस्टर संपे. ज्याने असल्या तीन कोटेशनांसाठी बुधवार पेठेच्या उन्हात चकरा मारल्यात त्याला पायाची किंमत रुपयांत सांगून उपयोग नाही.

त्या खिडकीच्या आयसीवर त्यांचा विशेष जीव. खिडकीतून अतिनील किरणं पाडली की वीसेक मिनिटांत आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून एरवी खिडकीवर स्टिकर. थेट उन्हातही साधारण आठवड्याभरात पुसलं जातं, हे कुणीतरी सांगितल्यावर मामांनी किटचं कपाट एकट्याने ढकलत पश्चिमेच्या खिडकीपासून आतल्या भिंतीला नेलं. अतिनील दिव्याची पेटी उघडताना ते टोपीचा काठ खाली ओढत. एक मेलेली इप्रॉम ते किल्ल्यांच्या जुडग्यात बाळगत. कुणी लहान मूल लॅबमध्ये आलं तर स्टिकर वर करून दाखवत, "हे बघ. हा चौकोन दिसतो का? बाकी सगळं नुसतं घर आहे. राहतो तो एवढासाच." मूल बघे, आणि मग हमखास विचारी, "मला देता का?" मामा स्टिकर चिकटवून जुडगा खिशात टाकत.

घरीही हेच. मी त्यांच्याकडे जायला लागलो ते कॉलेज संपल्यावर, आणि तेव्हा कळलं की लॅबमधले मामा म्हणजे त्यांचा पूर्ण आविष्कार नव्हता. घरात कुकरच्या झाकणावर एक व्हाइटनरचा ठिपका, कुकरच्या अंगावर एक. मिक्सरच्या तिन्ही भांड्यांवर ठिपके. टीव्हीच्या रिमोटवर अजून कंपनीचं प्लॅस्टिक. नव्या स्टीलच्या ताटावरचं लेबल ते कोपऱ्यातून सुरुवात करून अखंड काढतात. भेट म्हणून आलेल्या वस्तूचा कागद फाडलेला त्यांना बघवत नाही. आधी चिकटपट्टीचं टोक शोधायचं, नखाने उचलायचं, मग दुसरं टोक. कागद सरळ करून गादीखाली. असा एक काका, मामा किंवा सासरा प्रत्येक घरात असतो, फक्त त्याच्या हाती आयसी लागलेली नसते. मामी म्हणतात, "ह्यांना दिवाळीत काही देऊ नये. उघडून होईपर्यंत तुळशीचं लग्न येतं."

गंमत अशी की बाकीच्या बाबतीत हे गृहस्थ सावकाश अजिबात नाहीत. बस थांबायच्या आधी उतरतात. चहा उकळता पितात. त्यांच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत अक्षता टाकून मोकळे झाले होते, हे मामी अजून सांगतात. हळू हा त्यांचा स्वभाव नाही. एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूतून बाहेर काढायची वेळ आली की तेवढ्यापुरतं त्यांच्या अंगात काहीतरी संचारतं.

आणि प्रसंगावधान! फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. भारी माणूस, घाईतला. एका ग्रुपचं प्रोजेक्ट चालेना. परीक्षक म्हणाले, "आयसी बदलून बघू," आणि शर्टाची बाही मागे सारून बोटं पुढे केली. बोर्ड चालू होता. आयसी जयपूर फूट होती. परीक्षकांना अडवायची सोय नाही, ते गुण देणार. सर नजर चुकवून छताकडे बघत होते. मामा दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे होते. ते पुढे झाले आणि अत्यंत अदबीने वाफाळता कप परीक्षकांच्या उजव्या हातात आणि बिस्किटांची बशी डाव्या हातात ठेवली. "घ्या साहेब, गरम आहे तोवर." दोन्ही हात भरलेल्या माणसाला आयसी काढता येत नाही. परीक्षक कप कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघत राहिले. तोवर मामांनी पिन बाहेर काढली होती, कपाटाला हात लावला होता आणि ते केसभर इकडे-तिकडे करू लागले होते. त्या ग्रुपमधला एक मुलगा आज मोठ्या कंपनीत आहे. तो आजही सांगतो की आपली पदवी चहाच्या कपावर उभी आहे.

मग काळ बदलला. ८९एस५२ आली, ती बोर्डावरून न काढताच प्रोग्रॅम करता येई. नंतर अर्डुइनो आला. २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेआ गावच्या एका डिझाइन संस्थेत तो जन्माला आला होता, आपल्या लॅबमध्ये पोचायला त्याला थोडी वर्षं लागली. यूएसबीची वायर खोचा, बटण दाबा, झालं. सर मामांना म्हणाले, "आता काढायची भानगडच नाही बघा." मामांनी मान हलवली. पण अर्डुइनोच्या ऊनो बोर्डावर आयसी बेसमध्येच होती, ते त्यांनी आल्या आल्या पाहून ठेवलं होतं. त्यांना फार वाट बघावी लागली नाही. मुलांनी पाच व्होल्टच्या पायाला बारा व्होल्ट देऊन आयसी जाळायला सुरुवात केली आणि पट्टी पुन्हा खिशातून बाहेर आली. मग एकदा ऊनोचाच दुसरा प्रकार आला, त्यात आयसी नखाएवढी, चौकोनी, थेट बोर्डावर सोल्डर केलेली. मामांनी तो बोर्ड उलटासुलटा करून पाहिला, दोन बोटांत धरून सरांना परत दिला आणि म्हणाले, "ही काढायचीच नाही असं ठरवून बसवलीय." त्या बोर्डांच्या कपाटाची किल्ली त्यांनी दुसऱ्या मामांकडे सोपवली.

आता ते निवृत्त आहेत. परवा त्यांच्या धायरीच्या घरी गेलो तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर ऊनो, शेजारी पट्टी. सातवीतला नातू गालावर हात ठेवून बसलेला. त्याने खेळण्यातली मोटर थेट आयसीच्या पायाला जोडली होती. त्या पायातून फार तर ४० मिलीअँपिअर घ्यायचे, मोटर सुरू होतानाच त्याच्या कितीतरी पट ओढते. आयसी गेली. मामांनी पासोड्या विठोबाला जाऊन नवी आणली होती, बूटलोडर घातलेली, दुकानदाराकडून दोनदा खात्री करून. नव्या आयसीचे पाय जरा फाकलेले असतात, ते त्यांनी टेबलाच्या सपाटीवर एकेक बाजू टेकवून आत घेतले होते. हे सगळं आदल्या संध्याकाळी. "मग काल का नाही बसवली?" मी विचारलं. "ट्यूबलाइटच्या उजेडात नको," मामा म्हणाले. "सकाळचा उजेड चांगला."

आता सकाळ होती. मामा स्थिर वीज घालवायला उठले आणि नळापाशी थबकले. "प्लॅस्टिकचे पाइप आलेत. नळ आता कामाचा नाही." मग नातवाच्या कॉम्प्युटरचा लोखंडी डबा शोधला, तो अर्थिंगच्या सॉकेटला जोडलाय का ते पाहिलं, हात लावला. परत आले. खाच पाहिली. व्हाइटनर वाळला होता, त्याची बाटली हलवून हलवून जागी केली. ठिपका दिला. ठिपका वाळायला हवा म्हणून थांबले. पट्टी आत सरकवली. "केसभर इकडे..."

दाराची बेल वाजली. नातवाच्या बापाने रात्रीच ऑनलाइन अख्खा नवा बोर्ड मागवला होता, तो आला. नातवाने झडप घालून खोका घेतला आणि स्वयंपाकघरातून कात्री आणायला धावला.

"कात्री नको," मामा म्हणाले. पट्टी खाली ठेवून त्यांनी खोका स्वतःकडे घेतला, उजेडात फिरवला आणि चिकटपट्टीचं टोक शोधू लागले.

नातू बॅट घेऊन खाली गेला. मामी आतून म्हणाल्या, "जेवूनच जा हो तुम्ही. आता हे संध्याकाळपर्यंत चालायचं."